ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अॅप : समन्स हातात असलेल्या माणसाच्या नजरेतून

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे अॅप मुळात रोज चार कोर्टांच्या तारखा सांभाळणाऱ्या वकिलांच्या सोयीचे. पण पोलीस ठाण्याचा समन्स-वॉरंट अंमलदार कागदावर सही घेऊन गेला, की तो जिना उतरायच्या आत घरातले कुणीतरी हेच अॅप उतरवून घेते, त्यात नाव टाकते, ‘रेकॉर्ड नॉट फाउंड’ वाचते आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो समन्स खोटे आहे, दुसरा म्हणतो आधी वकील गाठा. वकिलांना हे अॅप कसे वाटते हा वेगळा विषय. समन्स आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते कुठे उपयोगी पडते आणि कुठे तोंडघशी पाडते, एवढेच इथे पाहायचे आहे.

अॅप मोफत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ते बनवले आहे. याच नावाचे संकेतस्थळही आहे आणि माहिती दोन्हीकडे तीच. संकेतस्थळावर मात्र शोध घेताना कॅप्चा भरावा लागतो. खटल्याची स्थिती बघायला कुठेही पैसे लागत नाहीत. ‘तुमची केस उघडून दाखवतो’ म्हणून शंभर-दोनशे रुपये मागणारा दिसला तर तो याच मोफत पानाचा फोटो विकतो आहे.

आधी कागद, मग फोन

अॅपवर काही सापडत नाही याचे पहिले कारण अॅपमध्ये नसतेच, ते कागदात असते. कोर्टाचे समन्स आणि पोलिसांची नोटीस, दोन्ही खाकी वर्दीतला माणूसच आणून देतो. त्यामुळे दोन्हींना सरसकट समन्स म्हटले जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची नोटीस ही तपास अधिकाऱ्याची, ठाण्यात हजर राहा म्हणून. कलम १७९ खालची नोटीस साक्षीदार म्हणून जबाब द्यायला बोलावणारी. या टप्प्यावर तुमच्या नावाचा खटला बहुतेकदा कोर्टापर्यंत गेलेलाच नसतो, मग अॅप दाखवणार काय? ईडी, जीएसटी, कस्टम्स यांची समन्सही त्या-त्या खात्याची असतात, कोर्टाची नव्हेत. तीही इथे दिसणार नाहीत. अॅपवर नाही म्हणून असा कागद बाजूला टाकायचा नसतो. ३५(३) ची नोटीस पाळली नाही तर अटकेचे कारण आपण स्वतःच पोलिसांच्या हातात देतो.

कोर्टाचे समन्स ओळखायला सोपे असते. वर न्यायालयाचे नाव, खाली न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का, मध्ये खटल्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख. कलम ६३ प्रमाणे ते दोन प्रतींत निघते. एक प्रत तुमच्या हातात राहते, दुसरीच्या मागे तुमची सही घेऊन अंमलदार ती परत नेतो. ही सही म्हणजे पोच, गुन्ह्याची कबुली नव्हे. सहीशेजारी तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा, कारण पुढे ‘समन्स कधी मिळाले’ हा प्रश्न येऊ शकतो आणि तेव्हा त्या चार शब्दांना किंमत असते. सही नाकारून फायदा काहीच नाही. अंमलदार तसा अहवाल पाठवतो आणि कोर्ट पुढचे पाऊल टाकायला मोकळे होते. तुम्ही घरी नसाल तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येते. जुन्या कायद्यात ती व्यक्ती पुरुषच असावी लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत ती अट गेली. घरगडी किंवा मोलकरीण यांना मात्र कुटुंबात धरत नाहीत. तेही जमले नाही तर दारावर प्रत डकवली जाते.

मग कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. दोन्ही बाजूंनी हे मुद्दाम सांगावे लागते, कारण अंमलदाराने पेनाने लिहिलेली पुढची तारीख किंवा फोन नंबर अनेकदा मागेच असतो. कुणी खाजगी तक्रार केलेली असेल, समजा चेक वटला नाही म्हणून, तर कलम २२७ प्रमाणे समन्ससोबत तक्रारीची प्रत असायला हवी. नसेल तर पहिल्याच तारखेला मागा.

सोळा जागांचा नंबर

अॅपचा जीव सीएनआर नंबरात आहे, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख क्रमांकात. समन्सवर तो वरच्या कोपऱ्यात, कधी बारकोडखाली बारीक अक्षरांत छापलेला असतो. एकूण सोळा जागा: पहिली दोन इंग्रजी अक्षरे राज्याची, म्हणजे आपल्याकडे एम आणि एच, पुढची दोन जिल्ह्याची, पुण्यासाठी पी आणि यू, पुढच्या दोन जागा त्या जिल्ह्यातल्या कोर्टाच्या, मग सहा आकडी अनुक्रमांक आणि शेवटी चार आकडी वर्ष. कागदावर मध्ये आडव्या रेघा छापलेल्या असतात, अॅपमध्ये त्या टाकायच्या नाहीत, मोकळी जागाही सोडायची नाही. शेवटच्या दहा जागांवर आकडेच असतात. तिथे चुकून इंग्रजी ‘ओ’ दाबला गेला की शोध फसतो आणि माणूस समजतो केसच नाही. धुरकट झेरॉक्सवर ३ आणि ८, १ आणि ७ यांची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक.

नंबर बरोबर पडला की अॅप झटक्यात सगळे पुढ्यात मांडते: कोर्ट कोणते, न्यायाधीश कोण, पुढची तारीख, खटल्याचा टप्पा, कायदा आणि कलम, तक्रारदार व आरोपींची नावे, वकिलांची नावे, मागच्या सगळ्या तारखा. पोलीस केस असेल तर ठाणे आणि गुन्हा नंबरही. या एका कामासाठी अॅपला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. पूर्वी एवढी माहिती काढायला कोर्टाच्या टेबलापाशी अर्धा दिवस जायचा.

एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. सीएनआरमधला सहा आकडी अनुक्रमांक म्हणजे खटल्याचा क्रमांक नव्हे. ‘आर.सी.सी. अमुक/२०२४’ हा नोंदणी क्रमांक वेगळा, दाखल करतानाचा फायलिंग क्रमांक वेगळा आणि पोलीस ठाण्याचा गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आणखी वेगळा. एका समन्सवर हे तीन-चार आकडे एकाखाली एक असू शकतात. कोणत्या रकान्यात कोणता टाकायचा ते चुकले तर अॅप चूक दाखवत नाही, सरळ दुसऱ्याचीच केस उघडून देते. पडद्यावर नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सीएनआर नसेल तर

हस्तलिखित समन्सवर किंवा जुन्या खटल्याच्या कागदावर सीएनआर बहुधा नसतो, तेव्हा अॅपची खरी परीक्षा होते आणि गुण भराभर घसरतात.

खटला क्रमांकावरून शोधताना आधी राज्य, जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडावे लागते. तालुक्याच्या कोर्टाचे समन्स असेल तर तो तालुकाच निवडायचा, जिल्ह्याचे मुख्य संकुल नव्हे. जिल्ह्यांच्या यादीत आणखी एक खोच आहे. मुंबईचे दंडाधिकारी, नगर दिवाणी व सत्र न्यायालय आणि लघुवाद न्यायालय ही तिथे वेगवेगळे ‘जिल्हे’ म्हणून आहेत. राज्यातली कौटुंबिक न्यायालयेही आपापल्या जिल्ह्याखाली नसून ‘महाराष्ट्र फॅमिली कोर्ट्स’ या स्वतंत्र नावाखाली आहेत. कामगार आणि सहकार न्यायालयांचेही तसेच. पुण्यातल्या कौटुंबिक न्यायालयाचे समन्स पुणे जिल्ह्यात शोधणारा माणूस तासभर शोधेल तरी सापडणार नाही. ही मांडणी प्रशासनाला सोयीची असेल, पण ती कुठेही समजावून सांगितलेली नाही. अॅपचा हा सर्वांत मोठा दोष.

त्यानंतर केसचा प्रकार. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. चेकच्या केसेस सहसा इथे असतात. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा. घरगुती हिंसाचार कायद्याचा अर्ज पी.डब्ल्यू.डी.व्ही.ए. या लांबलचक नावाने येतो. ही आद्याक्षरे समन्सवर जशी आहेत तशीच यादीत शोधा. अंदाजाने ‘क्रिमिनल केस’ निवडले तर हाती काही लागत नाही.

गु.र.नं. वरून शोध हा मार्ग लोक विसरतात, पण पोलीस केसमध्ये तो नावाच्या शोधापेक्षा भरवशाचा आहे. पोलीस ठाणे निवडा, गुन्हा नंबर आणि वर्ष टाका. दोषारोपपत्र कोर्टात नोंदले गेले असेल तर केस निघते.

नावाने शोधायचे असेल तर पूर्ण नाव टाकूच नका. नावे कोर्टातल्या लिपिकाने फिर्यादीवरून इंग्रजीत उतरवलेली असतात. क्षीरसागर, वैद्य, ज्ञानेश्वर ही नावे तीन जण तीन तऱ्हांनी लिहितील. किमान तीन अक्षरे लागतात, तेवढीच द्या आणि येणाऱ्या यादीतून डोळ्यांनी निवडा. वर्ष म्हणजे घटनेचे वर्ष नव्हे, खटला कोर्टात नोंदला ते वर्ष. एक वर्ष पुढेमागे करून पाहा. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ यांपैकी दोन्ही ठेवा. साक्षीदार म्हणून बोलावले असेल तर स्वतःचे नाव शोधण्यात अर्थ नाही. साक्षीदार हा पक्षकार नसतो, त्याचे नाव या शोधात येत नाही; आरोपीच्या नावाने किंवा खटला क्रमांकाने शोधा.

ई-चलानचे प्रकरण इथे शोधू नये. त्यासाठी व्हर्च्युअल कोर्टाचे संकेतस्थळ वेगळे आहे.

पडद्यावरची भाषा

केस उघडली, आता वाचायचे कसे? सर्वांत आधी ‘कायदा आणि कलम’ हा रकाना. वकिलाला फोन करताना तो पहिला प्रश्न हाच विचारणार. कलमावरून गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हे ठरते आणि त्यावरच पहिल्या तारखेची तयारी अवलंबून असते.

मग टप्पा. इथे ‘समन्स अनरेडी’, ‘अवेटिंग समन्स’, ‘अपिअरन्स’, ‘से’, ‘बी.डब्ल्यू. अनरेडी’, ‘एन.बी.डब्ल्यू. अनरेडी’ असले शब्द भेटतात आणि अॅप त्यांचा अर्थ सांगत नाही. ‘अनरेडी’ म्हणजे खटला अजून चालण्याजोगा झालेला नाही, समन्स किंवा वॉरंट बजावून अहवाल यायचा आहे. ‘अपिअरन्स’ म्हणजे हजेरीचा टप्पा, ‘से’ म्हणजे समोरच्या पक्षाचे म्हणणे. बी.डब्ल्यू. हे जामीनपात्र वॉरंट, एन.बी.डब्ल्यू. हे अजामीनपात्र.

यातून एक फसगत नेमाने होते. समन्स कालच हातात पडले, अॅपवर मात्र अजून ‘समन्स अनरेडी’. घरातला हुशार म्हणतो, कोर्टाला कळलेच नाही की आपल्याला मिळाले, मग जायचे कशाला? अंमलदाराचा बजावणी अहवाल ठाण्यातून कोर्टात जायला काही दिवस लागतात; तो कधीकधी तारखेच्या सकाळीच पोचतो. तुमची सही असलेली प्रत त्या दिवशी फाइलला लागलेली असते आणि तुम्ही गैरहजर.

तारखा हा दुसरा पेच. कागदावर १२ तारीख, अॅपवर २६. असे होते ते बहुतेकदा न्यायाधीश रजेवर गेल्यामुळे किंवा अॅपवर आधीच पुढची तारीख पडल्यामुळे. कधी नोंदच चुकलेली असते. अॅपमध्ये जे दिसते ते लिपिकाने संगणकात भरलेले असते, आणि त्या दिवशीची नोंद संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पडते. दोन तारखा जुळत नसतील तर आधी येणारी तारीख धरून जावे, आदल्या रात्री अॅप पुन्हा बघावे आणि सकाळी कोर्टाच्या दारावरचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, वाचावा. फुकट फेरी झाली तर एक दिवस गेला. उलटे झाले तर वॉरंट निघते.

मागच्या तारखांच्या यादीत एखाद्या तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशी काय झाले ते एक-दोन ओळींत उघडते. हा रोजनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीचा, गोषवारा. खटला तीन वर्षे जुना असेल आणि तुम्हाला समन्स आज मिळाले असेल, तर या ओळी वाचण्यासारख्या असतात: आधी किती वेळा समन्स निघाले, ‘पत्त्यावर राहत नाही’ असा अहवाल आला का, वॉरंटचा हुकूम झाला का. कायदेशीर पत्ता बदललेल्या माणसाला आपण कोर्टाच्या लेखी फरारी कसे ठरत गेलो हे इथेच कळते.

हुकूम पीडीएफ रूपात मिळतात, पण ते माहितीपुरते. दुसऱ्या कोर्टात किंवा कार्यालयात लावायला नक्कल विभागातून खरी नक्कलच काढावी लागते. कौटुंबिक आणि पॉक्सोसारख्या प्रकरणांत नावे झाकलेली किंवा हुकूम न दाखवलेला असू शकतो. तो बिघाड नव्हे.

अॅप जिथे गप्प बसते

कोर्टात जाऊन नेमके करायचे काय, याबद्दल अॅपमध्ये एक अवाक्षर नाही. ते काम वकिलाचे म्हणून सोडून दिले असेल, पण पहिल्या तारखेची किमान माहिती द्यायला काय हरकत होती? ती कसर इथे थोडी भरून काढू.

आरोपी म्हणून समन्स असेल तर तारखेच्या दोन-तीन दिवस आधी वकील ठरवा. वकीलपत्रावर सही करा आणि सोबत समन्स, ओळखपत्र, दोन-चार पासपोर्ट फोटो ठेवा. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. कोर्ट जातमुचलका, म्हणजे तुमची स्वतःचीच लेखी हमी, घेते, जामीनदार मागते किंवा रोख रक्कम भरायला सांगते. जामीनदार लागेल असे वकील म्हणाला तर त्याचे ओळखपत्र, फोटो आणि ऐपतीचा पुरावा लागतो: सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक. सातबारा जुना नको, ताजा काढा. जामीनदार प्रत्यक्ष हजर लागतो. ‘कागद पाठवतो, मी नंतर येतो’ म्हणणारा जामीनदार म्हणजे जामीनदार नसल्यासारखेच. अजामीनपात्र कलम असेल तर तारखेपर्यंत थांबू नका, कागद दिसला त्याच दिवशी वकिलाशी बोला.

कोर्टात बोर्डावर आपला अनुक्रमांक बघा, आत जाऊन टेबलावरच्या लिपिकाला हजर असल्याचे सांगा आणि दाराजवळ थांबा. शिपाई नावाचा पुकारा करतो. चहाला गेलात आणि पुकारा झाला, तर घाबरून घरी जाऊ नका. वकिलाकरवी लगेच लक्षात आणून दिले तर बहुधा त्याच दिवशी हजेरी लागते. छोट्या गुन्ह्यात न्यायाधीश ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारतात. दंड भरून मोकळे होऊ म्हणून घाईने ‘हो’ म्हणणारे बरेच असतात. ती दोषसिद्धी असते. पासपोर्ट, पोलीस पडताळणी, सरकारी नोकरीचा अर्ज, सगळीकडे ती सांगावी लागू शकते.

जाणे खरेच अशक्य असेल, आजारपण, परगाव, परीक्षा, तर वकिलाने हजेरी माफीचा अर्ज पुराव्यासह द्यायचा. पहिल्याच तारखेला तो मिळेल असे धरून चालू नका. समन्स काढतानाच वकिलामार्फत हजर राहण्याची मुभा देण्याचा अधिकार कलम २२८ खाली दंडाधिकाऱ्यांना आहे, खटला सुरू झाल्यावरची माफी कलम ३५५ खाली. न सांगता गैरहजर राहिलात तर कलम ९० खाली वॉरंट निघू शकते. शिवाय कोर्टाचे समन्स मुद्दाम न पाळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वॉरंट निघाल्याचे अॅपवर दिसले तर पोलीस यायची वाट न बघता स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देणे, हाच रस्ता. आपणहून आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघते.

घरगुती हिंसाचार कायद्याचा अर्ज किंवा पोटगीचा अर्ज यांची समन्सही अनेकदा पोलीस बजावतात, आणि गावभर होते की ‘त्याच्यावर केस झाली’. तुम्ही तिथे आरोपी नसता, सामनेवाले म्हणजे समोरचा पक्ष असता. पहिल्या तारखेला जामीनदार शोधत फिरायची गरज नाही. लेखी म्हणणे आणि उत्पन्नाचे कागद तयार ठेवावे लागतात. पोटगीच्या अर्जात मुद्दाम टाळाटाळ केली तर एकतर्फी हुकूम होतो आणि तो रद्द करून घ्यायला तीन महिन्यांची मुदत असते.

दिवाणी दाव्याचे समन्स सहसा बेलिफ, म्हणजे कोर्टाचा कर्मचारी, आणतो. त्यात वॉरंटची भीती नाही, पण घड्याळ चालू होते: लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत, कोर्टाने कारण मान्य केले तर ९० दिवसांपर्यंत.

खोटे समन्स पकडायला

या कामात अॅप फार उपयोगी आहे. व्हॉट्सअॅपवर कोर्टाचे बोधचिन्ह, लाल शिक्का, ‘डिजिटल अरेस्ट’ आणि दोन तासांत पैसे, असा कागद आला तर त्यावरचा खटला क्रमांक किंवा सीएनआर अॅपवर टाकून पाहा. केस निघाली नाही, किंवा निघाली ती भलत्याच दोन माणसांच्या जमिनीच्या वादाची असली, की उत्तर मिळाले. डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

इथे एक बारीक फरक ध्यानात ठेवावा लागतो. कोर्टाचे समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची तरतूद नव्या संहितेत आहे, त्यामुळे फोनवर आले म्हणजे खोटेच असे नाही. पोलिसांची ३५ खालची नोटीस मात्र व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तसे स्पष्ट केले. केस खरी आहे एवढे अॅप सांगते, कागद खरा आहे हे सांगत नाही. खऱ्या केसचा क्रमांक उचलून खोटा कागद छापता येतोच. शंका राहिली तर समन्सवरचा फोन न लावता ठाण्यात किंवा कोर्टात जाऊन विचारा.

वकील परवडत नसेल

अॅपमध्ये याचा ठळक दुवा हवा होता. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते, फोन १५१००. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. अर्ज तारखेच्या सकाळी देऊ नका. वकील नेमून कागद त्याच्या हातात पडायला वेळ लागतो, आणि त्या सकाळी नेमलेला वकील फार तर पुढची तारीख मागेल. समन्स मिळाले त्याच आठवड्यात जा, सोबत समन्सची झेरॉक्स आणि अॅपवरच्या केसच्या पानाचा स्क्रीनशॉट न्या. तिथल्या माणसाचा अर्धा वेळ वाचतो.

गुण

सीएनआर हातात असेल तर पाचपैकी साडेचार, नसेल तर अडीच. भाषेसाठी दीडच्या वर देववत नाही. मराठीत बटणे करून काय उपयोग, जर टप्प्याच्या रकान्यात ‘एन.बी.डब्ल्यू. अनरेडी’ हेच येणार असेल?

वापरणारच असाल तर केस ‘माय केसेस’मध्ये साठवा, आणि तारखेच्या आदल्या दिवशी तिथले रिफ्रेश दाबल्याशिवाय दिसणाऱ्या तारखेवर विसंबू नका. ही यादी फोनमध्येच राहते. फोन बदलायच्या किंवा रिसेट करायच्या आधी एक्सपोर्ट करून फाइल बाजूला काढा, नव्या फोनमध्ये ती इम्पोर्ट होते. घरात स्मार्टफोन नसेल तर बऱ्याच न्यायालय संकुलांत ई-सेवा केंद्राची खिडकी असते. समन्स दाखवले की तिथे पुढची तारीख काढून देतात.